गीतकाराचा वाटा

दूरचित्रवाणीवर जुने चित्रपटगीत लागते, वाहिनीला जाहिराती मिळतात. पण शब्द ज्याचे, त्याच्या पदरी काय पडते? १९५७च्या कॉपीराइट कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये ठरवले की, मोबदला देऊन लिहवून घेतलेल्या चित्रपटगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माताच. गीतकाराचा संबंध तिथेच संपे. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ही कैफियत मांडली. २०१२च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या, म्हणजे वाहिन्यांवरील प्रक्षेपणाच्याही, स्वामित्वधनात गीतकार-संगीतकारांना समान वाटा मिळाला. वारस किंवा वसुली करणारी कॉपीराइट संस्था यांखेरीज तो कुणालाही लिहून देता येत नाही. लेखणीच्या मजुरीचा हिशेब लागायला ३५ वर्षे गेली. साहिर १९८०मध्ये गेले, मजरूह २०००मध्ये; त्यांना हा दिवस दिसला नाही.