जुन्या बाजारांतील स्वरसंचित

इतिहासाचीं साधनें दप्तरखान्यांत किंवा ताम्रपटांवरच सांपडावयाचीं, अशी आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांतील आपल्या संगीताचा इतिहास ज्याला जाणावयाचा आहे, त्यानें एकदां तरी मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत उकिडवें बसून, धुळीनें माखलेल्या तबकड्यांचे गठ्ठे चाळले पाहिजेत. हें आम्ही अनुभवानें सांगतों.

ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गेसबर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आला, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यानें गौहरजान प्रभृति कलावंतांचे आवाज मेणाच्या जाड चकत्यांवर उतरवून घेतले. कर्ण्यासमोर तोंड धरून गावयाचें आणि तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपावयाचा, असा तो प्रकार होता. मेणावरचे हे ठसे जर्मनींतील हॅनोव्हर येथें जात व तेथें छापलेल्या तबकड्या समुद्रमार्गें इकडे परत येत. गाणें संपतांच गायिका स्वतःचें नांव इंग्रजींत पुकारते, तें ऐकून आज आपणांस हंसूं येतें. पण परक्या कारखान्यांतील कामगारांस कोणाचा ठसा कोणता हें कळावें, अशी त्यांत सोय होती. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघाला तेव्हां हा प्रवास थांबला. या तबकड्यांतील मुख्य द्रव्य जी लाख, ती मात्र पळस-कुसुमाच्या झाडांवरील किड्यांची, म्हणजे बव्हंशीं आपल्याच देशची. आपली लाख आणि आपलाच गळा परदेशीं जाऊन विकत परत यावा, यांत त्या काळाचा सारा अर्थव्यवहार आला!

या तबकड्यांचें मोल त्यांवरील गाण्यापुरतेंच नसतें. मधल्या कागदी चिठ्ठीवर गाणाऱ्याचें नांव, राग, कंपनीचें चिन्ह. तिच्या कडेला कोरलेला ठशाचा क्रमांक. या सर्वांवरून ध्वनिमुद्रण केव्हां झालें याचा अंदाज बांधतां येतो. खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या १९०५ च्या सुमाराच्या कांहीं तबकड्या आहेत व १९३० नंतरच्याही आहेत. पहिल्या कर्ण्याच्या युगांतील, दुसऱ्या विजेच्या ध्वनिग्राहकाच्या युगांतील. त्या एकापुढें एक ठेवून ऐकतां, गळ्यांत काय पालटलें आणि यंत्रांत काय पालटलें याचा विचार करणें भाग पडतें. असा पुरावा कोणत्याही चरित्रग्रंथांत मिळावयाचा नाहीं.

उलट, जेथें तबकडीच नाहीं तेथें इतिहास मुका होतो. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले, अल्लादियाखां १९४६ सालीं गेले. दोघांचाही आवाज तबकडीवर उतरला नाहीं. आज त्यांचें गाणें शिष्यांच्या गळ्यांतून व ऐकणाऱ्यांच्या आठवणींतून अनुमानावयाचें, एवढेंच आपल्या हातीं उरलें आहे.

अल्लादियाखांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीत अंतराळांत धाडण्याचें ठरविलें. त्यांत केसरबाईंची भैरवी असावी, अशी एका संगीतज्ञानें शिफारस केली. पण ती तबकडी बाजारांत मिळेना. शोधतां शोधतां न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरील एका हिंदी कुटुंबाच्या दुकानांत, मेजाखालच्या खोक्यांत, तिच्या प्रती हातीं लागल्या. ५ सप्टेंबर रोजीं व्हॉयेजर-१ उडालें आणि १६ सप्टेंबर रोजीं केसरबाई निवर्तल्या. आज तो स्वर सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेला आहे. कोणीं तें खोकें भंगारांत घातलें असतें तर?

आतां कोणी म्हणेल कीं, आंतरजालावर सर्व कांहीं फुकट ऐकावयास मिळत असतां हा खटाटोप कशासाठीं? पण आंतरजालावर जें जुनें आहे, त्यांतील पुष्कळसें अशाच कोणा संग्राहकानें बाजारांतून उचलून आणलेलें असतें. शिवाय तेथें गति चुकून षड्ज वर सरकतो आणि चिठ्ठीवरील मजकूर तर बहुधा गळतोच. १९९० सालीं मुंबईंत जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची संस्था निघाली, तिच्या सभासदांनीं हें काम निष्ठेनें केलें. परंतु तें मूठभरांच्या आंवाक्यांतील नव्हे.

आमचाच एक प्रमाद कबूल करतों. एकदां चोरबाजारांत कडेला तडा गेलेली एक तबकडी आम्हीं हातांत घेतली. चिठ्ठी अर्धी फाटलेली. गायिकेच्या नांवांतील “बाई” एवढींच अक्षरें शिल्लक होतीं. भावावरून घासाघीस झाली. थोड्याशा रुपयांसाठीं आम्ही ताठ राहिलों व ती ठेवून निघालों. पुढच्या आठवड्यांत गेलों तों गठ्ठाच नाहींसा झालेला. दुकानदार म्हणाला, “साहेब, फुटकी होती, कोण घेणार? टाकून दिली.” ती बाई कोण, हें आम्हांस आतां कधींच कळणार नाहीं.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति कीं, माळ्यावरची आजोबांची पेटी भंगारवाल्याच्या हातीं देण्यापूर्वीं ती एकदां उघडून पाहावी. चिठ्ठीवरील नांव तरी वाचावें. तबकडी फुटली तरी नांव उरेल. आणि नांव उरलें, तर शोध घेणारा कोणी तरी निघेल.