मरानाचा अपघात : हवेचे वलय आणि माणसाची चूक

८ एप्रिल २००० च्या रात्री अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील मराना या गावी मरीन दलाचा सराव चालू होता. संकटात सापडलेल्या नागरिकांना सोडवून आणण्याची ती रंगीत तालीम होती. व्ही-२२ ऑस्प्रे जातीची विमाने जोडीजोडीने तिथल्या छोट्या विमानतळावर उतरायची होती. पहिल्या जोडीतले मागचे विमान जमिनीपासून सुमारे ७५ मीटर उंचीवर असताना एकाएकी उजवीकडे कलंडले, उलटे झाले आणि कोसळले. चार कर्मचारी आणि पंधरा सैनिक असे एकोणीस जण जागीच ठार झाले.

या अपघाताचे कारण काही महिन्यांत जाहीर झाले. मात्र त्या कारणाचा नीट अर्थ लागायला सोळा वर्षे जावी लागली. ही सोळा वर्षे विज्ञान शिकवणाऱ्यांनी समजून घेण्यासारखी आहेत.

ऑस्प्रेच्या पंखांच्या दोन टोकांना दोन मोठे फिरते पंखे असतात. ते आकाशाकडे तोंड करून उभे केले की विमान हेलिकॉप्टरसारखे सरळ वर चढते किंवा खाली उतरते. पुढे कलवले की तेच विमान साध्या विमानासारखे वेगाने जाते.

हेलिकॉप्टर हवेत तरंगते ते न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने. पंखा हवेला खाली ढकलतो, हवा पंख्याला वर ढकलते. थोडे गणित करून पाहू. ऑस्प्रेचे वजन अंदाजे २० टन धरू. प्रत्येक पंख्याचा व्यास ११.६ मीटर, म्हणजे दोन्हींचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २११ चौरस मीटर. हवेची घनता १.१ किलोग्रॅम प्रति घनमीटर घेतली, तर एका जागी तरंगण्यासाठी पंख्यातून हवा सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने खाली जावी लागते. दर सेकंदाला जवळजवळ पावणेपाच टन हवा! पंख्याखाली काही अंतर गेल्यावर तिचा वेग याच्या दुप्पट होतो. पावणेपाच हजार किलोग्रॅम गुणिले ४० मीटर प्रति सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन लाख न्यूटन बल. वीस टनांचा भार पेलायला तेवढेच लागते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे गणित सहज करता येईल.

आता हेच यान पुढे फारसे न सरकता भराभर खाली उतरू लागले तर? पंख्याने खाली ढकललेल्या हवेतच ते शिरू लागते. खाली जाणारी हवा पात्यांच्या टोकांवरून वळून पुन्हा वर येते, पंख्यात शिरते, परत खाली जाते. पंख्याभोवती मेदूवड्याच्या आकाराचे गरगरते वलय तयार होते. इंजिनाची शक्ती हवा खाली लोटण्याऐवजी हे वलय फिरवण्यात खर्च होते आणि उचल घटते. उतरण्याचा वेग पंख्यातील हवेच्या वेगाच्या साधारण निम्म्यापुढे गेला की हा धोका सुरू होतो. याला ‘भोवरा-वलय अवस्था’ म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच ती शास्त्रज्ञांना माहीत होती.

वर्गात वलय दाखवायचे असेल तर पत्र्याच्या डब्याच्या तळाला भोक पाडा, तोंडावर फुग्याचे रबर ताणून बसवा, आत उदबत्तीचा धूर भरा आणि रबरावर टिचकी मारा. भोकातून धुराचे वलय निघून पुढे जाईल. हे वलय पुढे निघून जाते. पंख्याभोवतीचे वलय मात्र यानाबरोबरच खाली उतरत राहते.

मरानाच्या विमानाला पुढचा वेग थोडा असताना मिनिटाला ८०० फुटांपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ मीटरपेक्षा, जास्त वेगाने उतरू नये असे बंधन होते. ते विमान मिनिटाला २००० फुटांहून अधिक, म्हणजे सेकंदाला १० मीटरहून अधिक वेगाने उतरत होते. २० चे निम्मे १०. आपले ढोबळ गणितही हेच सांगते.

पण गोष्ट इथे संपत नाही. एकाच पंख्याच्या हेलिकॉप्टरमध्ये ही अवस्था आली तर ते थरथरते, खाली घसरते. वैमानिकाला काहीतरी कळते. ऑस्प्रेचे पंखे दोन बाजूंना दूरवर असतात. त्यांतला एकच आधी वलयात सापडला तर दुसऱ्याची उचल कायम राहते आणि विमान झटक्यात एका अंगावर उलटते. सावरण्यासाठी वैमानिक स्वाभाविकपणे खाली गेलेल्या बाजूच्या पात्यांचा कोन वाढवणार. त्याने वलय आणखी बळावते. वर्षानुवर्षांच्या सवयीने शिकवलेला उपायच इथे उलटतो.

जुलै २००० मध्ये मरीन दलाने निष्कर्ष जाहीर केला : यंत्रात बिघाड नव्हता, कामगिरी फत्ते करण्याच्या ओढीत वैमानिकांनी मर्यादा ओलांडली. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ ‘वैमानिकांची चूक’ असा घेतला.

आता दुसरी बाजू पाहू. २००१ च्या आरंभी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने चाचण्यांचा हिशेब मांडला. वेगाने उतरताना विमान कसे वागते हे तपासण्यासाठी १०३ चाचण्या योजल्या होत्या. त्या ४९ वर आणल्या गेल्या आणि प्रत्यक्षात ३३ च झाल्या. म्हणजे ८०० चा आकडा पुस्तकात होता, पण तो ओलांडल्यावर नेमके काय होते, किती अचानक होते, हे वैमानिकांना कोणी सांगू शकत नव्हते. डिसेंबर २००० मध्ये आणखी एक ऑस्प्रे कोसळून चौघे दगावले. कारण वेगळे होते, पण विमाने जमिनीवर उभी करण्यात आली.

२००२ मध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाल्यावर चाचणी वैमानिकांनी भरपूर उंचीवर जाऊन विमान मुद्दाम या अवस्थेत नेले. तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. धोक्याची खरी सीमा ८०० च्या पुष्कळ पुढे होती. आणि पंखे थोडे पुढे कलवले की दोनेक सेकंदांत विमान स्वच्छ हवेत येऊन सावरत होते. अति वेगाने उतरत असल्यास वैमानिकाला दिवा आणि आवाज यांनी सावध करणारी योजनाही विमानात बसवली गेली. हे सारे ज्ञान एकोणीस मृत्यूंनंतर आले.

दोन्ही वैमानिकांच्या पत्नींनी पतींवरचा ठपका दूर व्हावा म्हणून लढा दिला. नॉर्थ कॅरोलायनाचे संसद सदस्य वॉल्टर जोन्स यांनी तो वर्षानुवर्षे लावून धरला. अखेर २०१६ मध्ये उपसंरक्षणमंत्री रॉबर्ट वर्क यांनी लिहून दिले की या अपघाताचे एकच एक घातक कारण दाखवता येत नाही. मानवी घटक होतेच, पण विमानाच्या विकासातील आणि सुरक्षिततेतील उणिवा अपघातानंतरच दूर झाल्या आणि त्यांचाही वाटा असण्याचा संभव आहे.

मर्यादा ओलांडली गेली, हे खरेच. परंतु ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाला एक नाव मिळाले की चौकशी थांबते. ‘असे का घडले आणि आधी का कळले नाही?’ हा प्रश्न पुढच्या चाचणीकडे नेतो. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याचे उत्तर चुकले की आपण वहीवर लाल फुली मारून मोकळे होतो. फुली मारण्याआधी त्याला दिलेले उपकरण आणि आपण दिलेली सूचना एकदा तपासून पाहिली, तर मरानाचा धडा आपल्या वर्गापर्यंत पोचला असे म्हणता येईल.