खेळतंय ना, मग बरं आहे!

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी 'म्हणजे' फार म्हणतो, त्यातले निम्मे काढलेत.)

आजचा भाग एका व्हायरसच्या इतिहासाबद्दल आहे. तो रेकॉर्ड करायचा की नाही यावर मी तीन महिने विचार केला. कारण हा व्हायरस माझ्या अंगात आहे.

झालं असं, गेल्या वर्षी ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. मी रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, सेल्फी टाकला आणि विसरून गेलो. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. "एकदा प्रत्यक्ष येऊन जा." गेलो. हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह. सहा महिन्यांनी परत तपासलं, तरी पॉझिटिव्हच. सहा महिन्यांच्या वर मुक्काम केला की त्याला डॉक्टर जुनाट संसर्ग म्हणतात. मोठ्या माणसाच्या शरीरात हा व्हायरस सहसा इतका टिकत नाही, त्यामुळे तो बहुतेक लहानपणीच आत आला असणार, असं डॉक्टर म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा आईचं पहिलं वाक्य होतं, "शक्यच नाही. तू दिवसभर मैदानात असायचास. जेवायला हाका मारून घसा बसायचा माझा."

हे वाक्य डोक्यातून जाईना. कारण आपल्याकडे मुलाची तब्येत मोजायचं एकच मीटर आहे: खेळतंय का? ताप आला तरी आजी विचारते, खेळतंय ना, मग बरं आहे. डॉक्टरही हेच विचारतात, आणि ते चूक नाही. साध्या आजारात हे मीटर चांगलं चालतं. फक्त हा व्हायरस बरोबर त्याच मीटरखालून निघून जातो. का, हे कळायला माणसाला साधारण पन्नास वर्षं लागली. आजची गोष्ट तीच.

आधी काविळीचं बघू. आपल्याकडे कावीळ म्हटलं की हळद बंद, उसाचा रस सुरू, आणि काविळीची माळ. ती डोक्यावर ठेवतात, मग ती लांबत लांबत गळ्यात येते आणि कावीळ 'उतरते'. लहान मुलांच्या बाबतीत माळ नेहमी यशस्वी व्हायची, कारण मुलांना होणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटीस ए ची असते. ती दूषित पाण्यातून येते आणि काही आठवड्यांत आपली आपण जाते. श्रेय माळेला!

पण कावीळ एकाच प्रकारची नाही, अशी शंका डॉक्टरांना खूप आधीपासून होती. एक पाण्या-अन्नातून येणारी, दुसरी रक्तातून. हा फरक ज्या प्रयोगांतून स्पष्ट झाला, ते वाचताना मी लॅपटॉप बंद करून बाहेर चालायला गेलो होतो. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रुक नावाची सरकारी संस्था होती, मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी. तुडुंब भरलेली, घाण. तिथे आलेल्या मुलाला कावीळ होणार हे जवळजवळ ठरलेलं. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सॉल क्रुगमन या डॉक्टरांनी तिथल्या मुलांना मुद्दाम हिपॅटायटीसचा संसर्ग दिला आणि पुढे काय होतं त्याची नोंद ठेवली. त्यांचं म्हणणं, मुलांना तो तसाही होणारच होता. आईवडिलांची संमती घेतली होती म्हणे. पण १९६४ नंतर गर्दीमुळे संस्थेचा नेहमीचा प्रवेश बंद झाला आणि हिपॅटायटीस विभागात मात्र जागा मिळत होती. अशा वेळी घेतलेल्या संमतीला काय म्हणायचं?

१९६७ मध्ये क्रुगमन यांनी दाखवलं की विलोब्रुकमध्ये दोन वेगळे आजार आहेत. पुढे असंही दाखवलं की बी चा संसर्ग असलेलं रक्तद्रव पातळ करून एक मिनिट उकळलं आणि टोचलं, तर काही मुलांना संरक्षण मिळतं. म्हणजे लस शक्य आहे. हेन्री बीचर यांनी १९६६ मध्येच या प्रयोगांवर जाहीर टीका केली होती. मी स्वतः गोंधळलेलो आहे. ज्या ज्ञानावर आजची लस थोडीफार उभी आहे ते असं मिळालं, आणि त्या मुलांना कुणी विचारलं नाही. 'पण फायदा झाला ना' हे वाक्य मला तरी इथे म्हणता येत नाही.

त्याच सुमाराला दुसरीकडे बरूक ब्लमबर्ग नावाचा एक संशोधक काविळीचा विचारही करत नव्हता. त्याला वेगळंच कुतूहल होतं: जगभरच्या लोकांच्या रक्तातली प्रथिनं वेगवेगळी का असतात? तो देशोदेशींचे नमुने जमवायचा. ते तपासायला हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त वापरायचा, कारण ज्यांना खूप वेळा रक्त चढवलंय त्यांच्या शरीराने परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवलेली असतात. १९६३ मध्ये अशा एका रुग्णाच्या रक्ताची प्रतिक्रिया ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी झाली. नाव पडलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. आधी वाटलं याचा संबंध ल्युकेमियाशी असेल. मग एक मुलगा, जो आधी निगेटिव्ह होता, तो पॉझिटिव्ह झाला आणि त्याच सुमारास त्याला हिपॅटायटीस झाला. मग प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ आजारी पडली, तिचीही चाचणी पॉझिटिव्ह. तेव्हा उलगडलं की हे व्हायरसचंच आवरण आहे. माझ्या रिपोर्टवर 'एचबीएसएजी' लिहिलंय ना, ते हेच. ब्लमबर्गला १९७६ मध्ये नोबेल मिळालं, आणि जागतिक हिपॅटायटीस दिन २८ जुलैला असतो तो त्याच्या वाढदिवसामुळे.

चाचणी आल्यावर विचित्र गोष्ट दिसली. हजारो धडधाकट लोक पॉझिटिव्ह निघायला लागले. ना कावीळ, ना थकवा. मग हे लोक आजारी आहेत की नाहीत?

उत्तर तैवानमधून आलं. पामर बीझली या अमेरिकन डॉक्टरने तिथल्या २२,७०७ पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांची तपासणी केली आणि मग वर्षानुवर्षं फक्त नोंद ठेवली, कोण कशाने जातं याची. रोज कामावर जाणारी माणसं होती ती. १९८१ मध्ये आकडे छापले. यकृताच्या कॅन्सरने ४१ जण गेले होते, त्यातले ४० व्हायरसचे वाहक. वाहकांना धोका २२३ पट. मी दिवसभर डेटा बघतो, पण २२३ पट? असा आकडा दिसला तर मी आधी कोडमध्ये बग शोधेन. बग नव्हता.

आणि हे लोक वाहक झाले कधी? बहुतेक जण जन्मताना किंवा अगदी लहानपणी. इथे खरी गंमत आहे, गंमत म्हणणं बरोबर नाही पण असो. नवजात बाळाला संसर्ग झाला तर १० पैकी साधारण ९ वेळा तो कायमचा राहतो. पहिली काही वर्षं उलटली की हे प्रमाण बरंच खाली येतं. मोठ्या माणसात तर १०० पैकी ५ सुद्धा नाही. उलट मोठ्या माणसाला कावीळ होते, उलट्या होतात, तो आडवा पडतो आणि बहुधा पूर्ण बरा होतो. बाळाला काहीच होत नाही. ते रांगतं, चालतं, पळतं.

म्हणजे जो आजारी पडला तो सुटला. जो खेळत राहिला तो अडकला.

हे कोडं उंदरांनी सोडवलं. १९३० च्या दशकात एरिक ट्राउब हा संशोधक अमेरिकेत प्रिन्स्टनला उंदरांच्या एका वसाहतीत 'एलसीएमव्ही' नावाचा व्हायरस अभ्यासत होता. मोठ्या उंदराच्या मेंदूत तो टोचला तर उंदीर मरायचा. पण आईच्या पोटातच संसर्ग झालेली पिल्लं जन्मभर तो व्हायरस अंगात घेऊन फिरायची, वरवर एकदम ठणठणीत. पुढे दिसलं की मोठ्या उंदराची प्रतिकारशक्ती आधीच दाबून टाकली, तर तोही मरत नाही. मारत होती ती त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती! हिपॅटायटीस बी मध्येही तसंच: व्हायरस यकृताच्या पेशीला थेट मारत नाही. आपल्या टी पेशी त्या बाधित पेशींवर हल्ला करतात, आणि काविळीचं कारण मुख्यतः तो हल्ला. बाळाचं शरीर हल्लाच करत नाही, म्हणून सगळं शांत.

सर्व्हर २०० ओके देतोय, आणि आत डेटाबेस हळूहळू खराब होतोय. आमच्याकडे अशा बगला सगळे घाबरतात, कारण अलार्म वाजतच नाही.

फ्रँक मॅकफर्लेन बर्नेट आणि फ्रँक फेनर यांनी १९४९ मध्ये ट्राउबची पिल्लं विचारात घेऊन मांडलं की जन्माआधी जे भेटतं त्याला शरीर 'आपलं' समजतं. कल्पना मोठी होती, पण या व्हायरसच्या बाबतीत अर्धीच निघाली. नंतर कळलं की पिल्लांचं शरीर प्रतिपिंडं बनवतं, फक्त व्हायरस संपत नाही. १९९० च्या दशकात त्याच एलसीएमव्हीच्या उंदरांत अजून एक गोष्ट दिसली. व्हायरस खूप दिवस समोर राहिला की टी पेशी मरत नाहीत, थकतात. एकेक काम सोडत जातात. मुळात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले आणि अमेरिकेत एमरी विद्यापीठात असलेले रफी अहमद यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की या थकलेल्या पेशींवर 'पीडी-१' नावाचा ब्रेक दाबलेला असतो आणि तो सोडवला तर त्या परत कामाला लागतात. हा पीडी-१ क्योटोत तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडला होता. त्यावरची औषधं आज कॅन्सरमध्ये वापरतात, होंजोंना २०१८ चं नोबेल मिळालं. माझ्या आजारावर मात्र असा ब्रेक सोडणं अजून रोजचा उपचार नाही. टेनोफोविरसारख्या गोळ्या व्हायरसला दाबून ठेवतात, पण पेशीच्या केंद्रकात त्याची एक गोल प्रत बसलेली असते ती जात नाही. मला सध्या गोळीही नाही. दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी.

मग मैदानाचा आणि याचा काही संबंध? एक आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि १९६० च्या सुरुवातीला स्वीडनमध्ये जंगलात नकाशा घेऊन धावण्याच्या शर्यतींमधल्या पाचशेहून जास्त खेळाडूंना हिपॅटायटीस झाला. काट्यांनी पाय ओरबाडायचे, आणि सगळे एकाच पाण्यात ते धुवायचे. अंग झाकणारे कपडे सक्तीचे केल्यावर साथ थांबली. हे सांगतोय म्हणून मुलांना घरात कोंडू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, लंगडी खेळल्याने हा व्हायरस पसरत नाही. रक्ताला रक्त लागावं लागतं, किंवा लैंगिक संबंधातून, किंवा आईकडून बाळाला.

हा शेवटचा रस्ता आईने कुठेतरी वाचला. आठवडाभर ती नीट जेवली नाही. "माझ्या दुधातून गेलं का रे?" (दुधातून धोका वाढत नाही, तिला हे तीनदा सांगितलं.) मग तिची तपासणी केली. निगेटिव्ह. बाबा निगेटिव्ह. मग आम्ही बसून यादी केली: बारशाला कान टोचले ती तार, जावळ काढलं तो वस्तरा, गल्लीतल्या दवाखान्यातली पाण्यात उकळून परत वापरायची काचेची सुई. यादी झाल्यावर आई म्हणाली, "सगळ्यांचंच असंच व्हायचं तेव्हा." आणि विषय संपला.

माझा जन्म १९९७ चा. त्याच वर्षी जूनमध्ये तैवानच्या मेइ-ह्वेइ चांग आणि सहकाऱ्यांनी छापलं की तिथे १९८४ पासून बाळांना लस द्यायला लागल्यावर ६ ते १४ वर्षांच्या मुलांतला यकृताचा कॅन्सर लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आला. लसीने कॅन्सर कमी झाल्याचा तो पहिला ठोस पुरावा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने भारतात बनलेली पहिली स्वस्त हिपॅटायटीस बी लस बाजारात आणली. त्याआधीची परदेशी लस मध्यमवर्गालाही महाग पडायची. सरकारी लसीकरणात ती २००२ च्या सुमारास काही शहरांत आणि जिल्ह्यांत आली, देशभर पोचली २०११ नंतर. मी तोवर दहावीच्या आसपास होतो.

तुमचा जन्म त्याआधीचा असेल तर एक एचबीएसएजी चाचणी करून घ्या. निगेटिव्ह आली तर लस मोठेपणीही घेता येते. पॉझिटिव्ह आली तर २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आणि मला मेसेज करा, मी घाबरवणार नाही.

मागच्या महिन्यात ताईला मुलगी झाली. दवाखान्यात सगळे नाक कुणासारखं यावर भांडत होते. मी लसीकरणाचं कार्ड उघडून बघत होतो. हिपॅटायटीस बी, जन्मतःचा डोस, पहिल्या २४ तासांच्या आत. तारीख होती, सही होती. ताई म्हणाली, "मामाने बाळाआधी कार्ड बघितलं."

चला, भेटू पुढच्या भागात.