उजेड कुणावर पडला? लग्नचित्रणातील दिव्यांचा इतिहास

१/ लग्नाच्या चित्रीकरणात आज कॅमेऱ्याच्या माथ्यावर तळहाताएवढा एलईडी दिवा बसलेला दिसतो. तो निवडताना किंमत, वजन आणि बॅटरी पाहिली जाते. परंतु समारंभातील कोण पुढच्या पिढ्यांना दिसणार आणि कोण अंधारात राहणार, हेही बऱ्याच अंशी हाच दिवा ठरवतो. दिव्याकडे हा अधिकार कसा आला, ते या धाग्यात पाहू.

२/ आरंभ मॅग्नेशियमपासून करावा लागतो. या धातूच्या ज्वलनाचा प्रखर प्रकाश छायाचित्रणास उपयोगी पडेल, असे बुन्सेन आणि रॉस्को या रसायनशास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये सुचवले. १८६४ पासून मॅग्नेशियमची तार पेटवून छायाचित्रे घेतली जाऊ लागली. मात्र तार महाग होती आणि तिचा पांढरा धूर दाट होता. त्यामुळे युरोपातील नवदांपत्ये बहुधा स्टुडिओत जाऊन, काचेच्या छतातून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात छायाचित्र काढून घेत. त्या शतकातील प्रत्यक्ष विवाहविधीची छायाचित्रे दुर्मीळ आहेत, याचे एक प्रमुख कारण उजेडाचा अभाव हे आहे.

३/ १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण तयार केले. ते क्षणार्धात भडकून लख्ख उजेड देई. त्यासोबत स्फोटाचा आवाज, धूर आणि आगीचे भयही येई. एक चित्र घेतले की दालनातील धूर निवळेपर्यंत थांबावे लागे. मंगलविधीच्या मध्यभागी असा बार उडवणे कोणाला रुचणार?

४/ १९२९ च्या सुमारास जर्मनीतच काचेच्या बंद गोळ्यात ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख आणि प्राणवायू भरलेला फ्लॅशबल्ब आला. धूर आणि आवाज गेले. एक बल्ब एकाच छायाचित्रासाठी पुरे, तरीही छायाचित्रकाराला विधीच्या जागी वावरणे शक्य झाले. १९३१ मध्ये एमआयटीतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी विकसित केलेल्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमुळे पुढे बल्ब बदलण्याची गरजही संपली.

५/ चलच्चित्राची अडचण मात्र वेगळी होती. त्याला क्षणाचा लखलखाट चालत नाही, अखंड प्रकाश लागतो. कोडॅकने १९६५ मध्ये घरगुती चित्रणासाठी सुपर ८ फिल्म आणली. तिच्यासाठीच्या कोडाक्रोम ४० या प्रसिद्ध रंगीत फिल्मची संवेदनशीलता, नावाप्रमाणेच, ४० होती. आजचा साधा कॅमेरा १६०० वर सहज काम करतो. म्हणजे त्या काळी, इतर गोष्टी समान धरल्यास, चाळीसपट उजेड हवा होता.

६/ तो उजेड दिला हॅलोजन दिव्याने. १९५९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या फ्रिडरिक आणि वायली यांना त्याचे पेटंट मिळाले. तारेतून उडालेले टंगस्टन हॅलोजन वायूच्या साहाय्याने पुन्हा तारेवर परतते, त्यामुळे काच काळी पडत नाही आणि दिवा लहान असूनही प्रखर राहतो. हाच दिवा कॅमेऱ्याच्या माथ्यावर किंवा मदतनिसाच्या हातात आला.

७/ १९७६ मध्ये व्हीएचएस आणि १९८३ मध्ये कॅमेरा व रेकॉर्डर एकाच यंत्रात आल्यावर लग्नाची कॅसेट हा नवा दस्तऐवज रूढ झाला. महाराष्ट्रातील मंडपांतही लांब वायर ओढत फिरणारा लाइटवाला परिचित झाला. अंतरपाट दूर होताच वधूवरांनी एकमेकांकडे पाहावे, तर समोरच्या झोताने डोळे दिपत. मुंडावळ्यांखाली घाम, मिटू पाहणारे डोळे: ही त्या दिव्याची खूण आहे.

८/ त्या काळच्या कॅसेटमध्ये चेहरे पांढरे आणि पाठीमागे काळोख का दिसतो? दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्साच उरतो. वधू एक मीटरवर आणि मागची रांग चार मीटरवर असेल, तर मागच्यांना सोळावा हिस्सा मिळतो. म्हणून बोहल्यावरची मंडळी इतिहासात राहिली. खांबाशी उभी असलेली आत्या, भांडी घासणाऱ्या बायका, वाजंत्री वाजवणारे कलावंत काळोखात विरून गेले. इतिहासाचे साधन म्हणून अशी चित्रफीत वाचताना एक प्रश्न अवश्य विचारावा: दिवा कुणाकडे वळलेला होता?

९/ पुढची क्रांती निळ्या एलईडीची. १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी साकारला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल अकासाकी आणि अमानो यांच्यासह त्यांना मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळ्या स्फुरक द्रव्याचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. वायर गेली, उष्णता घटली. पण स्वस्त एलईडीत गडद लाल रंग दुबळा असतो. वेष्टनावरचा ‘सीआरआय’ हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, त्यात गडद लाल मोजलेलाच नसतो. त्यासाठी ‘आर९’ हा स्वतंत्र आकडा पाहावा लागतो. तो कमी असेल, तर कुंकू आणि लाल शालू दोन्ही निस्तेज दिसतात.

१०/ २००८ च्या कॅनन ५डी मार्क २ नंतर मोठ्या संवेदकाचे कॅमेरे चित्रणासाठी सर्रास वापरात आले आणि मंद उजेडही पुरू लागला. त्यामुळे निवडीचा निकषच पालटला. आज दिवा किती प्रखर आहे यापेक्षा तो किती मंद करता येतो, हे पाहावे. त्याचा रंग ३२०० ते ५६०० केल्विन असा, मंडपातील दिव्यांशी जुळवता यावा. पुढे प्रकाश पसरवणारा पांढरा पडदा असावा आणि तो भिंगाच्या रेषेतून थोडा बाजूला धरता यावा. आधी कॅमेरा मंडपातील उजेडाशी जुळवावा आणि चेहऱ्यावर उणीव राहील तेवढीच दिव्याने भरावी. मग मागची रांगही दिसू लागते.

११/ घरात जुनी कॅसेट असेल, तर ती एकदा या दृष्टीने पाहा. दमटपणात चुंबकीय फितीवर बुरशी चढते, म्हणून पुढच्या पावसाळ्यापूर्वी तिची डिजिटल प्रत करून घ्या. मग घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून काळोखाच्या कडेला पुसट दिसणाऱ्यांची नावे लिहून ठेवा. त्या दिव्याने जे टिपले नाही, ते सांगू शकणारी माणसे अजून आहेत.