साहेब मास्तरांची सुट्टी

पनवेलच्या खाडीला कुणाची घाई कळत नाही. ओहोटी लागली की पाणी मागे सरतं, दोन्ही काठांचा चिखल उघडा पडतो आणि मचवा असेल तिथे कलंडून बसतो. आज खाडीवरच्या पुलांवरून गाड्या भरधाव जातात, त्यामुळे भरती-ओहोटीचं वेळापत्रक कोळ्यांखेरीज फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. दोनशे वर्षांपूर्वी मात्र मुंबईहून पुण्याला निघालेल्या बहुतेक साहेब लोकांचा दिवस त्यावरच ठरे. मुंबईत होडीत बसायचं, बंदर ओलांडून खाडीत शिरायचं, पाण्याने साथ दिली तर पनवेलला उतरायचं आणि पुढे पालखी, घोडा किंवा बैलगाडी मिळेपर्यंत थांबायचं. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५च्या जूनअखेरीस, ऐन पावसात, याच वाटेने पुण्याला गेला. त्याआधी चार वर्षं पुण्यात विश्रामबागवाड्यात सरकारी संस्कृत पाठशाळा निघाली होती. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. साहेब अधिकाऱ्यांच्या मागोमाग साहेब मास्तर याच रस्त्याने घाट चढू लागले.

या मास्तरांच्या शिकवण्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कुणी मेकॉलेला नावं ठेवली, कुणी वाघिणीच्या दुधाचे गोडवे गायले. पण शिकवायचं नसे त्या दिवशी हा परमुलखातला माणूस काय करी? प्रश्न वरवर फालतू वाटतो. आजच्या दक्षिण कोरियात मात्र तो चांगलाच खरा आहे.

तिथल्या सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमण्याची योजना १९९५ पासून चालू आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, दक्षिण आफ्रिका अशा देशांतली तरुण मंडळी वर्षाच्या करारावर जातात. आठवड्याला बावीसेक तास शिकवायचं, हजेरी मात्र रोज पूर्ण आठ तासांची. कोरियाचं शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. त्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत थंडीची लांब सुट्टी. मुलं घरी, मैदानावर बर्फ. कोरियन शिक्षकांना कायद्याच्या ४१व्या कलमाचा आधार असतो, सुट्टीत शाळेबाहेर राहून ‘अभ्यास’ करण्याची त्यांना मुभा आहे. करारावरच्या परदेशी माणसाला ती नाही. त्याची ठरावीक रजा संपली की तो सकाळी येतो, शिक्षकखोलीत एकटा बसतो आणि संध्याकाळी जातो. कुणी पुढच्या सत्राचे पाठ तयार करतं, कुणी कोरियन लिपी गिरवतं, कुणी मालिका बघतं, कुणी सरळ डुलक्या काढतं. आपण याला खुर्ची उबवणं म्हणतो. त्यांनी इंग्रजीत जे नाव ठेवलं आहे त्यात खुर्चीऐवजी टेबल आहे, उबवणं तेच.

आपल्याकडच्या साहेब मास्तराला अशी खुर्ची उबवावी लागली नाही. दख्खनचा उन्हाळा त्याला सोसत नसे आणि राज्यच त्याचं असल्याने सुट्टीचा हिशेब त्याच्या घामाप्रमाणे बसवला जाई.

सगळेच काही सुट्टीचे धनी नव्हते. मेजर थॉमस कँडीला रिकामा म्हणणं तर अन्यायच होईल. लष्करातला हा माणूस १८३७ मध्ये पुण्याच्या पाठशाळेचा देखरेख अधिकारी झाला. १८३१च्या मोल्सवर्थ कोशाला त्याचा हात लागला होता. मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश त्याने पुरा केला, तो १८४७ मध्ये आला. मराठीत स्वल्पविराम आणि अर्धविराम रुळवल्याचं श्रेयही त्याच्याकडेच जातं. पण शेजारी परशुरामपंत तात्या गोडबोल्यांसारखे पंडित बसलेले नसते तर कँडीच्या मराठीचं काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. एडविन आर्नल्ड १८५७ मध्ये पुण्याच्या सरकारी कॉलेजचा प्राचार्य म्हणून आला तेव्हा पंचविशीत होता. तीन-चार वर्षांत त्याने संस्कृत पैदा केलं, हितोपदेश इंग्रजीत नेला आणि मायदेशी परतल्यावर बुद्धचरित्रावर काव्य लिहून जगभर नाव कमावलं. डेक्कन कॉलेजातल्या एफ. डब्ल्यू. बेन या इतिहासाच्या प्राध्यापकाची तऱ्हा आणखी निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो संस्कृत पोथ्यांची भाषांतरं म्हणून एकामागून एक कथा छापत गेला. वाचक भाळले, जाणकार मूळ पोथ्या शोधू लागले. पोथी कुठे नव्हतीच. सगळं प्राध्यापकांच्या फावल्या वेळात पिकलेलं होतं.

मे महिन्यात मात्र लेखणीपेक्षा डोंगर जवळचा वाटे. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. त्याच ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५०च्या मेमध्ये पनवेल-खोपोली रस्त्यावरच्या चौक गावाहून समोरचा डोंगर चढून गेला आणि साहेबांच्या नकाशावर माथेरान आलं. डोंगरावरच्या ठाकर-धनगरांना माथेरान कुणी शोधायला नको होतं, हे वेगळं सांगायला नकोच. पुढे सहा वर्षांत आगगाडी कल्याणवरून खोपोलीला पोचली. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईचा माणूस गाडीतून न उतरता पुण्याला जाऊ लागला. पनवेलची होडी, पनवेलचा मुक्काम, पनवेलच्या पालखीवाल्यांची गिऱ्हाइकं, सगळं त्या वाफेबरोबर उडून गेलं. १८५२ पासून नगरपालिका मिरवणारं हे गाव पुढची कितीतरी वर्षं मुख्य रेल्वेच्या वाटेवरून बाजूला पडलं.

रेल्वेमुळेच एक वेगळा मास्तर पुण्याला मिळाला. थिओडोर कुक आयर्लंडचा, शिक्षणाने इंजिनिअर. तो आला मुंबई-बडोदा रेल्वेच्या कामावर आणि वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल बांधण्यात त्याचा वाटा होता. १८६५ मध्ये तो पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रमुख झाला आणि १८९३ पर्यंत त्या संस्थेत राहिला. पूल, मोजमाप, गणित हा त्याचा धंदा. नाद मात्र झाडपाल्याचा. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू बागेत बसून त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो छापून झाला आणि सह्याद्रीत फिरणारे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी अजून त्याची पानं उलटतात.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेनला परदेशी म्हणावं तर जन्म साताऱ्याचा, बाप स्कॉटिश मिशनरी. १८७० ते १८७६ या काळात तो डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत होता. मुळा-मुठेच्या काठी मराठी पोरांना लॅटिन! त्या तासांना किती गर्दी होत असेल याची कल्पना करावी. पुढे तो कस्टम आणि मीठ खात्यात गेला आणि त्या नोकरीने त्याला पनवेलच्या शेजारी, उरणला आणलं. पावसाळ्यात मिठागरात मीठ पिकत नाही, डबक्यात बेडूक मात्र भरपूर पिकतात. एटकेनने बंगल्यातले उंदीर, मुंग्या, कावळे आणि बेडूक यांच्यावर अशी काही मिस्कील पुस्तकं लिहिली की इंग्लंडात लोक ती हसत वाचत. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यातला तो एक.

एटकेन लॅटिन शिकवत होता त्याच सुमारास, त्याच पुण्यात, लष्कराच्या हिशेब खात्यात पनवेलजवळच्या शिरढोणचा एक कारकून नोकरीला होता. १८४५ मध्ये जन्मलेला हा वासुदेव बळवंत फडके. आई आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा त्याने रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. घाट उतरून तो शिरढोणला पोचला तोवर आई गेली होती. पुढल्या वर्षी श्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारली गेली, असं त्याचे चरित्रकार सांगतात. इंग्रजांविरुद्धच्या त्याच्या बंडामागे दुष्काळ होता, स्वदेशीची व्याख्यानं होती, बरंच काही होतं. तरी एदनच्या तुरुंगात १८८३ साली संपलेल्या त्या आयुष्यात एका नामंजूर अर्जाची जागा मोठी आहे. लॅटिनच्या मास्तरासाठी उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी आणि पनवेलच्या कारकुनाला चार दिवसांचीही मारामार. रस्ता दोघांचा एकच.

विसाव्या शतकात या वाटेवर वेगळ्या वेषातले मास्तर दिसू लागले. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये सुरू झालं, ते चालवणारे जेझुइट पाद्री मुख्यतः जर्मन. पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन म्हणून त्यांना जावं लागलं. स्वित्झर्लंडचा एथेलबर्ट ब्लॅटर राहू शकला. हा वनस्पतींचा वेडा. आजही त्या कॉलेजातला वनस्पतिसंग्रह त्याच्या नावाने ओळखला जातो. जर्मनांची जागा भरायला स्पेनमधून माणसं आली. १९२२ मध्ये फादर हेरास आले ते इतिहासात रमले. त्यांच्यानंतर आलेले कॅटलोनियाचे हर्मेनेगिल्ड सांतापाव मात्र खंडाळ्याच्या रानात शिरले ते शिरलेच.

खंडाळ्यात जेझुइटांचं विश्रांतीसाठी घर होतं. बाकीचे विश्रांती घेत. सांतापाव कातळ, ओढे, दऱ्या पालथ्या घालत. घाटात वनस्पती गोळा करणं हे ऐकायला निवांत वाटलं तरी पावसाळ्यात ते हमालीचं काम आहे. फूल, पान आणि जमलं तर मूळही एकसंध राहील अशी फांदी काढायची. वर्तमानपत्राच्या घडीत पान सपाट पसरायचं, एखादं पान मुद्दाम उलटं, म्हणजे मागच्या शिरा दिसतील. घड्यांची चळत दोन फळ्यांमध्ये दाबून पट्टे आवळायचे. दुसऱ्या दिवशी सगळे ओले कागद काढून कोरडे घालायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा, चौथ्या दिवशी पुन्हा. खंडाळ्याच्या जुलैत कोरडा कागद आणायचा कुठून? शेगडीची ऊब द्यावी लागते. एक दिवस आळस केला की बुरशी धरते आणि आठवड्याची पायपीट उकिरड्यावर जाते. नमुना वाळला की जाड कागदावर चिकटवून कोपऱ्यात चिठ्ठी लावतात. तिच्यावर झाडाचं नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणारा यांचे रकाने असतात. वाट दाखवणाऱ्या ठाकराचा किंवा कातकऱ्याचा रकाना नसतो.

या खटाटोपातून सांतापावांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. पाठोपाठ पुरंदरवरचा आला. कारवीने त्यांना विशेष धरून ठेवलं. सात वर्षं नुसतं वाढायचं, मग एकाच पावसाळ्याअखेरी सगळा डोंगर जांभळा करायचा आणि बी टाकून मरून जायचं, असं या झुडपाचं आयुष्य. कर्नाळ्यापासून माथेरानपर्यंत आदिवासी घरांचे कूड याच कारवीच्या काठ्यांचे. काठ्या तोडणाऱ्यांना तिचं चक्र तोंडपाठ होतं. सांतापावांनी ते कागदावर आणलं. एका बहरानंतर दुसरा बहर बघायचा तर त्याच डोंगरावर आठ वर्षांनी पुन्हा यावं लागतं आणि वर्षाच्या करारावर आलेल्या माणसाला ते जमणारं नाही. सांतापाव भारतीय नागरिक झाले, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले, १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि १९७० मध्ये मुंबईतच वारले.

आज पनवेलमधल्या शाळेच्या मास्तरांची मेची सुट्टी माथेरानात जातेच असं नाही. शिक्षणहक्क कायद्याने त्यांना अशैक्षणिक कामांतून सोडवलं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक हे तीन अपवाद ठेवले, आणि हे अपवाद काही लहान नाहीत. मतदार यादीचं बाड काखेत मारून भर दुपारी सोसायटीचे जिने चढणारे गुरुजी पनवेलला नवीन नाहीत. ज्यांना अजून नोकरीच नाही त्यांची गोष्ट वेगळी. डी.एड., बी.एड. झालेली पोरं शिक्षकनेमणुकीचं सरकारी पवित्र पोर्टल उघडून बसतात. खाडीकाठच्या या गावात ‘भरती कधी?’ असं कुणी विचारलं तर हल्ली ते पाण्याविषयी नसतं.

यातल्या इंग्रजीच्या पदवीधरांसाठी २०१०पासून एक आडवाट आहे. त्या वर्षी लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची तरतूद झाली. पनवेलहून कुणी गेलाच, तर जानेवारीत त्याला उणे दहाची थंडी भेटेल, शाळेच्या दारात बूट काढून सपाता घालाव्या लागतील, आणि शिक्षकखोलीतल्या बाकीच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या असतील.