पहारेकरी आणि परवाना

संगणकांच्या जाळ्यातून जाणारा संदेश एकसंध जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात व प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसावा, त्याप्रमाणे ही पाकिटे तपासून कोणाला आत घ्यावे व कोणाला अडवावे हे ठरविणारी एक आज्ञावली असते. तिला पॅकेट फिल्टर म्हणतात. अशा एका पहारेकऱ्याला इ. स. २००१ मध्ये निरोप द्यावा लागला, आणि तोही त्याच्या हातून काही चूक झाली म्हणून नव्हे.

१९९५ साली थिओ द राट यांनी नेटबीएसडीपासून वेगळे होऊन ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू केली. तिचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील कार्यात होते. बर्कलीच्या परवान्याचा आशय साधा होता : वापरा, वाटा, बदला, मात्र मूळ लेखकाचा उल्लेख व परवान्याच्या अटी पुसू नका. सुरक्षिततेविषयी अत्यंत दक्ष असलेल्या या मंडळींनी देवडीवर नेमली होती ती ऑस्ट्रेलियातील डॅरन रीड यांची आयपीफिल्टर ही आज्ञावली.

तिच्या परवान्यात वापरण्यास व वाटण्यास अनुमती होती. बदलाविषयी मात्र त्यात अक्षर नव्हते. ‘मौनं संमतिलक्षणम्’ असे मानून काम चालत राहिले व ओपनबीएसडीने त्यात आपल्या सोयीचे फेरफारही केले. परंतु हे वचन लोकव्यवहारात कितीही शोभले, तरी स्वामित्वहक्काचा कायदा ते मानीत नाही. लेखकाने जे दिले नाही, ते लेखकापाशीच राहते. मे २००१ मध्ये रीड यांनी खुलासा केला, की पूर्वसंमतीवाचून बदल करण्यास मुभा नाही.

लेखक म्हणून त्यांचा हक्क निर्विवाद होता. तथापि घरात राहण्याची मोकळीक आणि पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्यास मनाई, अशी ही स्थिती झाली. दोष आढळताच तो स्वतः दुरुस्त करता यावा, हाच ज्यांच्या कार्याचा पाया, त्यांना ती कशी मानवावी? मे महिन्याच्या अखेरीस आयपीफिल्टर काढून टाकण्यात आले. देवडी मोकळी पडली.

ती फार काळ मोकळी राहिली नाही. डॅनियल हार्टमायर या स्वित्झर्लंडच्या कार्यकर्त्याने नवा पॅकेट फिल्टर प्रारंभापासून लिहावयास घेतला. ‘पीएफ’ या नावाने तो २४ जून २००१ रोजी मूळ संहितेत दाखल झाला, आणि १ डिसेंबरला प्रसिद्ध झालेल्या ओपनबीएसडी ३.० बरोबर लोकांच्या हाती गेला. दरम्यान, अन्य फायलींवरील परवानेही ओळीओळीने तपासण्यात आले.

फ्रीबीएसडी व नेटबीएसडी यांनी त्या वेळी आयपीफिल्टर काढले नाही. पण पुढे पीएफही त्यांनी आपलासा केला. २०११ साली तो ॲपलच्या मॅक संगणकांतही पोहोचला. बदलण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिलेली असल्यामुळेच हा प्रवास विनासायास घडला.

आज्ञावली एकदा लिहून संपत नाही. नवे दोष उघडकीस येतात, नवी यंत्रे येतात, मूळ लेखक अन्य कामांत गुंततो. अशा वेळी तिचा सांभाळ दुसऱ्या कोणाला तरी करावा लागतो. ज्याला दुरुस्तीचा अधिकार नाही, त्याच्यावर राखणीचा भार टाकता येत नाही. मूळ संहिता सर्वांना वाचावयास मिळणे निराळे आणि ती सर्वांच्या हाती असणे निराळे. या दोहोंमधील अंतर परवान्यातील एका शब्दाएवढे असू शकते, हे २००१ च्या त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.