पादचारी बाजारपेठ
पादचारी बाजारपेठ म्हणजे वाहनांना पूर्णतः अथवा ठरावीक वेळेत मज्जाव करून पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला, दुकाने व उपाहारगृहे असलेला परिसर होय.

इतिहास
कोपनहेगन येथील स्ट्रॉएट हा रस्ता १९६२ साली प्रायोगिक तत्त्वावर वाहनमुक्त करण्यात आला. ग्राहक दुरावतील या भीतीने अनेक व्यापाऱ्यांनी विरोध केला. परंतु प्रयोग यशस्वी ठरल्याने १९६४ मध्ये ही व्यवस्था कायम झाली. पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला होता.

रचना
उष्ण व कोरड्या प्रदेशांत अशा बाजारपेठेचे यश प्रामुख्याने सावलीवर अवलंबून असते. अरुंद गल्ल्या, दुकानांपुढील पडव्या, झाडे, बसण्याचे कट्टे व पिण्याचे पाणी यांची सोय आवश्यक असते. फेरीवाल्यांना निश्चित जागा, मालवाहतुकीस ठरावीक वेळ आणि रुग्णवाहिका व अग्निशामक बंबांसाठी मोकळा मार्ग ठेवावा लागतो.

पैठणच्या संदर्भात
पैठण येथे फाल्गुन वद्य षष्ठीच्या नाथषष्ठी यात्रेस दूरदूरहून दिंड्या पायी येतात. यात्रा उन्हाळ्याच्या तोंडावर भरत असल्याने तेथील बाजाररस्त्यांच्या रचनेत सावली व पाणी या शोभेच्या बाबी नसून मूलभूत गरजा ठरतात.